अनुभव धागा: मुंबईत कोणती भाजी, कोणती जात, कोणत्या महिन्यात?

कुंडीतलं रान, बोरिवली

बियाण्याच्या पाकिटावरचा फोटो मुंबईत काढलेला नसतो. आपल्याकडे हिवाळा म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच्या जरा गार रात्री, बस. मे महिन्यात पहाटेसुद्धा पारा २७ अंशांच्या आसपास असतो. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिमीहून जास्त पाऊस पडतो. आणि सहसा कुणी लक्षात घेत नाही ती तिसरी गोष्ट म्हणजे दिवसाची लांबी: जूनमध्ये साधारण सव्वातेरा तास, डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा. रात्रीची ऊब, पाऊस आणि दिवसाची लांबी यांपैकी आपल्या भाजीला काय आडवं येतं ते आधी ओळखायचं, जातीचं नाव त्यानंतर शोधायचं.

लिहिताना जात, पेरणीचा महिना, कुंडीचा आकार, काय बिघडतं आणि का, एवढं द्या. "छान आली होती" याचा दुसऱ्याला उपयोग नाही. आणि 'गावठी' हे जातीचं नाव नव्हे.

शेंदरी, ठाणे

टोमॅटोपासून सुरुवात करतो, सगळ्यात जास्त माती आणि पैसे त्यातच वाया जातात. झाड डेरेदार, फुलं भरपूर आणि फळ एकही नाही, ही नेहमीची तक्रार. खताचा दोष क्वचितच असतो. रात्र १५ ते २० अंशांची असली की फळ उत्तम धरतं. ती चोविशीच्या वर राहू लागली की परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या सांध्यातून गळतं. नत्र जास्त घातलंत तर भर पडते, पण मूळ कारण उकाडा.

म्हणून उलटं मोजायचं. फुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हवीत, तर रोप नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावायचं आणि बी सप्टेंबरअखेर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान टाकायचं. डिसेंबरात पेरलं तर फुलं येईपर्यंत उन्हाळा दारात असतो.

जात: बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक किंवा अर्का सम्राट. अर्का रक्षकमध्ये पानं मुरडणारा विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकार आहे. दोन्ही एफ-१ संकरित, तेव्हा फळातलं बी धरून पुढच्या वर्षी तेच मिळणार नाही. १५ बाय १५ इंचाच्या पिशवीत एकच झाड. परदेशी पाकिटातले मोठे, गुबगुबीत 'बीफस्टेक' प्रकार इथे सोडून द्या, त्यांना लांब थंड हंगाम लागतो. मार्चपर्यंत काहीतरी खुडायचंच असेल तर चेरी टोमॅटो, तो उकाड्यात बराच जास्त टिकून फळतो.

देठ आणि काटा, विरार

शेंदरीदादांच्या 'मर'बद्दल थोडं पुढे. वांगं, टोमॅटो, मिरची या तिघांनाही ती लागते. पानं पिवळी न पडता हिरवंगार झाड दोन दिवसांत मान टाकतं आणि लोक पाणी वाढवतात, इथेच घोटाळा होतो. खात्री करायची असेल तर जमिनीलगतच्या खोडाचा दोन इंच तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात लटकता धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. औषध नाही. झाड मातीसकट काढा, ती माती कंपोस्टमध्ये टाकू नका आणि त्या पिशवीत पुढे वांगीवर्गातलं काही लावू नका. तिथे माठ लावा.

वांग्यात अर्का निधी आणि अर्का केशव या जाती मर सहन करतात. भरल्या वांग्याची चव हवी म्हणून मांजरी गोटा लावणार असाल तर जरूर लावा, पण ताज्या मातीत. दुसरी वाट कलमी रोपाची: सोलॅनम टॉर्व्हम या रानटी वांग्याच्या खुंटावर बांधलेलं. तो खुंट मर आणि सूत्रकृमी दोन्ही झेलतो. लावताना कलमाचा सांधा मातीच्या किमान दोन इंच वर ठेवा. सांधा पुरला गेला की वरच्या वांग्यालाच मुळं फुटतात आणि जास्तीचे पैसे मातीत जातात. सांध्याखालून येणारा काटेरी, रुंद पानांचा फुटवा दिसेल तेव्हा मोडायचा. ठेवलात तर चार महिन्यांत वांग्याऐवजी रानवांग्याचं झुडूप सांभाळत बसाल.

परसबागेतली काकू, डोंबिवली

भेंडीला मुंबई मानवते, गारठा तेवढा तिला नको. परभणी क्रांती लावा, केवडा येत नाही.

शेंदरी, ठाणे

काकू, थोडी दुरुस्ती. परभणी क्रांती मराठवाडा कृषी विद्यापीठाने १९८० च्या दशकात दिली तेव्हा केवड्याला, म्हणजे पिवळ्या शिरांच्या विषाणूला, ती सहसा बळी पडत नव्हती. पुसा सावनीचंही आधी तसंच झालं होतं: आली तेव्हा टिकाऊ, पुढे केवड्याचं माहेरघर. विषाणू बदलत राहतो, प्रतिकार कायमचा नसतो. आज परभणी क्रांतीवर केवडा दिसला तर बी खोटं होतं असं समजू नका. अर्का अनामिका हा दुसरा पर्याय, पण कुठलीही जात लावा, रोग पसरवते पांढरी माशी. पहिले पाच-सहा आठवडे पानांच्या खाली रोज नजर, पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, आणि पहिलं पिवळ्या जाळीचं पान दिसताच ते झाड उपटायचं. एकाला वाचवताना दहा जातात.

चौघांच्या घराला आठवड्यातून दोनदा भाजी हवी तर १० ते १२ झाडं लागतात. १२ इंची पिशवीत एक झाड. तीन लावली तर तीन काठ्या मिळतात. एक दिवसाआड तोडणी चुकवली की शेंग जून होते आणि झाड नवीन फुलं थांबवतं. लाल भेंडी हवी असेल तर वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेची काशी लालिमा. शिजवली की लाल रंग जातो, एवढं लक्षात ठेवा.

परसबागेतली काकू, डोंबिवली

बरं, हे पटलं. आता वालाचं मी सांगते, ते तरी बरोबर असेल!

जूनमध्ये वेलाचा वाल टाकायचा, तो गॅलरीचं ग्रिल भरून टाकतो आणि पाच महिने नुसती पानं. मग खतं, मग ताक, मग शेजारणीचे सल्ले. वालाला फुलायला छोटा दिवस लागतो. पारंपरिक वेली जातींना जूनमध्ये पेरा नाहीतर सप्टेंबरमध्ये, फुलं दिवाळीच्या पुढेमागेच. जागा कमी असेल तर ऑगस्टअखेर पेरावं, तेवढे अडीच-तीन महिने त्या पिशवीत भेंडी होते. वर्षभर शेंगा हव्यात तर दिवसाच्या लांबीचं सोयरसुतक नसलेल्या बुटक्या जाती घ्याव्या: दापोली विद्यापीठाचा कोकण भूषण, बंगळुरूचे अर्का जय आणि अर्का विजय. दोन महिन्यांच्या आसपास शेंगा सुरू. बिरड्याचे कडवे वाल मात्र वेगळे. रायगडात ते भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर होतात, कुंडीत रोज पाणी घालून ती गंमत येत नाही.

दिवस मोजणारा, मुलुंड

काकू, अगदी बरोबर. हेच कांद्यालाही लागू आहे, फक्त दिशा उलटी. ऑनलाइन मिळणारं 'स्वीट स्पॅनिश' किंवा 'वाला वाला' जातीचं बी लांब दिवसाचं असतं, गड्डा धरायला १४ तासांहून मोठा दिवस मागतं. आपला सगळ्यात मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा. पात मिळेल, कांदा जन्मात नाही. त्यामुळे भारतीय, छोट्या दिवसाच्या जातीच घ्यायच्या. अलिबागचा पांढरा कांदा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तो आपल्याच हवेतला. लसणाच्या गड्ड्याला थंडी लागते. मुंबईत पातीपुरता लावा आणि समाधान माना.

मायाळूचंही असंच. दिवस लहान झाले की वेल फुलायला लागतो आणि पानं बारीक होतात. ऑक्टोबरात फुलांचे तुरे खुडत राहिलं तर थोडं लांबवता येतं. भज्यांसाठी मोठं पान हवं तर मे-जूनमध्ये छाट कलम लावून पावसाळाभर खावं.

गार हवेची हौस, पवई

फुलकोबी, गाजर, पालक हे एकत्रच घेतो, कारण चूक तिन्हीत सारखी: समशीतोष्ण जातीचं बी.

फुलकोबीच्या जाती तापमानाच्या गटांत विभागलेल्या आहेत. स्नोबॉल गटाला गड्डा धरायला १० ते १६ अंश लागतात, म्हणून मुंबईत त्याची फक्त पानं. लवकरच्या गटातल्या पुसा मेघना, पुसा दीपाली यांना २० ते २७ अंश चालतात, तो आपला डिसेंबर-जानेवारी. बी सप्टेंबरअखेर, रोप ऑक्टोबरअखेर. ट्रेमध्ये रोप सहा आठवडे अडकून राहिलं किंवा उपाशी राहिलं तर जात बरोबर असूनही बटणाएवढा गड्डा येतो आणि तिथेच थांबतो. चार-साडेचार आठवड्यांचं रोप हवं.

गाजरात नँटीस प्रकार टाळा. पुसा केसर, पुसा मेघाली हे आशियाई गटातले, उष्णता सोसणारे. पिशवी किमान १२ इंच खोल, मातीत खडा नको, नाहीतर गाजराला पाय फुटतात. रोपं करून लावू नका, बी जागीच टाका.

पालकाच्या बाबतीत नाव फसवतं. आपला बाजारचा पालक बीटच्या कुळातला. ऑल ग्रीन, पुसा भारती या त्याच्या जाती. 'विलायती पालक' हे वेगळंच झाड, ऊन वाढलं की चार पानांवर तुरा काढतं. मुळ्यात पुसा चेतकी उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावरही ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. जपानी व्हाइट एप्रिलमध्ये पेरलात तर आतून भुसा.

पानवेल, वसई

पावसाळ्याच्या वेलभाज्या. कारल्यात कोकण तारा, शिराळ्यात कोकण हरिता, दोन्ही दापोलीच्या, म्हणजे याच पावसात पारखलेल्या. दुधीत राहुरी कृषी विद्यापीठाची सम्राट. १८ बाय १८ इंचाची पिशवी, एकच वेल. लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट अर्धा भाग, पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. जुलैत कोकोपीट जास्त झालं तर पिशवी स्पंज होते आणि मुळं कुजतात. पिशवीखाली दोन विटा ठेवा, भोकं मोकळी राहतात.

काकडीचं बी घेताना पाकीट नीट वाचा. 'फक्त मादी फुले' आणि 'परागीभवनाशिवाय फळ' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं आहे पण दुसरं नाही अशा जातीला शेजारी नर फुलांचा वेल लागतो, नाहीतर कोवळ्या काकड्या पिवळ्या पडून गळतात. बाराव्या मजल्यावर मधमाशी फारशी येत नाही, तिथे दोन्ही गुण असलेली पॉलीहाऊसची जात घ्या. बी नगावर विकतात, महाग पडतं, पण वाया जात नाही. पावसात पानांवर कोनाकोनाचे पिवळे डाग म्हणजे डाउनी मिल्ड्यू (यालाही केवडा म्हणतात, पण भेंडीवरचा विषाणू तो वेगळा). खालची पानं काढून हवा खेळती ठेवा, पाणी पानांवर नको.

तोंडली बियांपासून लावूच नका. निम्मे वेल नर निघू शकतात, ते फळत नाहीत. गोड तोंडली देणाऱ्या वेलाची पेन्सिलएवढी जाड, तीन-चार पेऱ्यांची फांदी जून-जुलैत लावा. करटुल्याला मात्र नर वेल हवाच, आठ-दहा मादी वेलांमागे एक. कंद विकत घेताना नर कुठला, मादी कुठली हे विकणाऱ्याकडून खूण करून घ्या.

लेबलवाचक, कुर्ला

बी घेताना: प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, सत्यप्रत (कंपनीनेच हमी दिलेल्या) बियाण्याचा हिरवा. चाचणीची तारीख बघा, वैधता त्यापासून ९ महिने. भेंडीची किमान उगवण ६५ टक्के, टोमॅटो-वांग्याची ७० टक्के अपेक्षित असते, म्हणून १० पैकी ७ उगवले तर दुकानदाराशी भांडू नका. गुलाबी-निळं बी औषध लावलेलं असतं, हात धुवा. उरलेलं बी आपल्या दमट हवेत उघडं राहिलं की एका पावसाळ्यात संपतं. बरणीत सिलिका जेलची पुडी टाकून फ्रिजच्या दारात ठेवायचं. कांद्याचं बी तसंही वर्षभरापलीकडे नेऊ नये.

नवी गॅलरी, चेंबूर

पानवेलताई, दुधीला मादी फुलं येतात, पण फळ सुपारीएवढं होऊन सडतं. सकाळी ब्रशने परागीभवन करते. जात बदलू का?

पानवेल, वसई

जात नको, वेळ बदला. दुधी, शिराळं आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळपर्यंत ती शिळी झालेली असतात. कारलं, काकडी आणि घोसाळं सकाळचे. दुधीचं ताजं नर फूल संध्याकाळी साधारण सात वाजता तोडा, पाकळ्या मागे मोडा आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच तीन-चारदा फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. पाऊस येणार असेल तर मादी फुलावर कागदाची टोपी घालून सकाळी काढा. चार-पाच दिवसांत देठ खाली झुकून जाड व्हायला लागला की फळ धरलं. देठ पिवळा पडला तर ते फळ लगेच काढून टाका, वेलावर सडू देऊ नका.