जुनी बिअर चाखायची तर शेजारी ताजी बाटली हवीच

तळघर (धागाकर्ता)

काही बार दहा-वीस वर्षं मुरलेल्या बिअरची वेगळी यादी ठेवतात. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या कुलमिनाटोर बारचं तर नावच त्या यादीमुळे झालं. माझं म्हणणं एवढंच, की अशी बाटली एकटी उघडू नये. त्याच बिअरची ताजी बाटली शेजारी नसेल तर वयानं तिच्यात काय बदललं हे जिभेला कळणार कसं?

बार्ली वाइन, म्हणजे नावात वाइन असली तरी एक कडक बिअरच, घ्या. ताजेपणी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, कडूपणा पुढे असतो आणि अल्कोहोल घशाला चटका देतं. वर्षं जातात तशी कडूपणा देणारी आम्लं मोडत जातात, पत्र्याच्या बुचाखालून कणाकणानं शिरलेला प्राणवायू आपलं काम करतो आणि मनुका, खजूर, काकवी, शेरी अशा चवी वर येतात. दोन ग्लास समोर ठेवून आलटूनपालटून घोट घ्या. जुनीचा रंग जास्त तांबूस, फेस पटकन बसणारा, आणि ताजीत जिथे कडूपणा संपतो तिथे जुनीत गोडवा रेंगाळतो. एकट्या जुन्या ग्लासात हे सगळं 'छान आहे' एवढ्यावर संपतं. बारनं अशी जोडीच विकावी, सुटी जुनी बाटली देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

सातू

मुळात असहमत. बिअर ताजी प्यायची वस्तू आहे. ज्याला तुम्ही शेरी म्हणता ते पुष्कळदा निव्वळ ऑक्सिडेशन असतं. जुन्या बिअरमध्ये ट्रान्स-2-नोनेनल नावाचं संयुग जाणवू लागतं आणि त्याचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा येतो. तळाशी मेलेलं यीस्ट फुटलं की सोया सॉसची झाक येते ती वेगळीच. ब्रुअरनं जी चव डोळ्यासमोर ठेवून बिअर केली ती तुमच्या ग्लासात उरलेलीच नसते.

बाल्टिक समुद्रात ऑलंड बेटांजवळ जुन्या काळी बुडालेल्या जहाजातून 1840 च्या सुमाराच्या बिअरच्या बाटल्या 2010 मध्ये वर काढल्या. काळोख, थंडी, हलवाहलव नाही. याहून चांगलं तळघर कुठलं? तरी आत निघालं ते जिवाणूंनी आंबवलेलं पाणचट पेय. वय वाढलं म्हणून दाम वाढवणं मला पटत नाही.

तळघर

त्या बाटल्यांत समुद्राचं पाणी झिरपलं होतं, ते उदाहरण इथे लागू नाही. आणि प्रत्येक बिअर मुरवा असं मी म्हटलेलंच नाही. पिल्सनर किंवा आयपीए वर्षभर ठेवणं हा त्या बिअरवर अन्यायच, हॉप्सचा सुगंध काही महिन्यांतच उतरतो. मी बोलतोय ते बार्ली वाइन, इम्पीरियल स्टाउट, ओल्ड एल यांबद्दल. यांत माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) भरपूर, अल्कोहोल साधारण 8 टक्क्यांच्या वर, आणि बाटलीत जिवंत यीस्ट असेल तर सुरुवातीचा प्राणवायू तेच खाऊन टाकतं.

कडवट

मी जुन्या बिअरच्या बाजूचा आहे, पण ताजी बाटली शेजारी ठेवून वयाचा हिशेब लागतो हे चूक आहे. फुलर्स या इंग्लिश ब्रुअरीची व्हिंटेज एल 1997 पासून दरवर्षी निघते, 8.5 टक्के, जुन्या बिअरच्या यादीत हमखास दिसणारी. तिचे माल्ट आणि हॉप्स वर्षागणिक बदललेले आहेत. म्हणजे 2008 ची आणि यंदाची शेजारी ठेवली तर जो फरक लागतो तो वयाचा की वेगळ्या हॉप्सचा? कोणीच सांगू शकत नाही, आणि टेबलावरचे सगळे मात्र 'वयानं किती बदलली' म्हणत माना डोलावतात. जोडीच लावायची तर जे. डब्ल्यू. लीज हार्वेस्ट एलची लावा. ती 1986 पासून आहे, 11.5 टक्के, आणि मॅरिस ऑटर माल्ट व ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स हा तिचा ठरलेला मेळ. तिथेही त्या-त्या हंगामाचं पीक वेगळं असतंच.

तळघर

हा मुद्दा बिनतोड आहे. तरी दिशा कळते एवढं म्हणेन. कडूपणा उतरणं आणि फेस मंदावणं हे हॉप्सच्या जातीवर जात नाही.

रानयीस्ट

या चर्चेत ऑर्व्हाल ही बेल्जियन बिअर कशी आली नाही? अल्कोहोल फक्त 6.2 टक्के, तरी मुरते. कारण बाटलीत ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट घातलेलं असतं. साध्या यीस्टला न पचलेल्या शर्करा ते हळूहळू खातं, म्हणून बिअर कोरडी होत जाते आणि हॉप्सच्या ताज्या वासाची जागा चामडं, गवत, तबेला असल्या वासांना मिळते. इथे ताजी-जुनी जोडी खरंच बोलते, त्यासाठी वीस वर्षंही लागत नाहीत. बाटलीवर तारीख असते, सहा-आठ महिन्यांच्या अंतराच्या दोन बाटल्या मागून बघा.

ग्युझ ही आंबट बेल्जियन बिअर मात्र जोडीशिवाय प्यायला माझी हरकत नाही. ती एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचं (हवेतल्या रानटी यीस्टनं आंबवलेल्या बिअरचं) मिश्रण करूनच बाटलीत भरतात. तिथे 'ताजी' कशाला म्हणायचं?

सातू

ऑर्व्हालपुरतं मान्य, तो बदल ब्रुअरनंच योजलेला आहे. माझा आक्षेप बारच्या यादीवरच आहे. बाटली मधली पंधरा वर्षं कुठे होती हे यादीत कुठे लिहिलेलं असतं? दोन उन्हाळे गरम गोदामात गेले असतील तर तुमची ताजी बाटली काय सिद्ध करणार? ग्लासात पुठ्ठा निघाला तर पैसे कोणाचे गेले?

बारमागून

मी याच कामात आहे म्हणून सांगते. उघडण्याआधी बाटली उजेडात धरायची. मानेतली पातळी उतरलेली असेल किंवा बुचाच्या कडेला गंज आणि चिकट ओघळ असेल तर मी ती बाटली विकत नाही. ठीक असेल तर ती एक दिवस उभी ठेवायची, गाळ तळाशी बसतो. 12-13 अंशांवर द्यायची, फ्रिजमधून थेट नाही; गार बिअरमध्ये मनुकाही लागत नाही आणि दोषही लागत नाही. एकाच तिरक्या ओतण्यात सगळे छोटे ग्लास भरायचे, बाटली मधे सरळ केली की गाळ उसळतो आणि शेवटच्या ग्लासाला गढूळ बिअर मिळते.

पैशाचं म्हणाल तर पहिला घोट आम्ही घेतो. पुठ्ठा किंवा न शोभणारा आंबटपणा असेल तर बाटली आमच्या खाती.

कडवट

यावर मी वेगळा आहे. वीस वर्षांची बाटली ही दोन्ही बाजूंची जोखीम आहे. सगळा तोटा बारनं सोसायचा ठरवला तर उद्या कोणी अशी यादीच ठेवणार नाही. गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगावं, मग त्यानं ठरवावं.

सातू

सांगतात कुठे? यादीत वर्ष ठळक छापतात, बाटली कुठून आली ते नाही. आधी ते छापा, मग जोखीम अर्धी-अर्धी वाटून घ्यायला मी तयार आहे.

बारमागून

आमच्याकडे नव्यानं घेऊन तळघरात ठेवलेल्या आणि कोणाच्या संग्रहातून आलेल्या, असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसऱ्या रकान्यातली बाटली लिलावातली असेल तर तेही लिहितो. त्या रकान्यातलं कमी खपतं, हे खरं आहे.