साध्या बाळंतपणासाठी गगनबावड्याहून कोल्हापूर गाठायलाच हवं का?

पन्हाळी_वारा (धागाकर्ता):
भावकीत यावरून वाद पेटलाय, म्हणून इथं मांडतो. गगनबावड्याकडची पहिलटकरीण, सगळे रिपोर्ट चांगले. निम्मं घर म्हणतं, नवव्या महिन्यातच कोल्हापुरात आणून ठेवा. जिथं काचेची पेटी आणि बाळाचे डॉक्टर आहेत तिथंच बाळंतपण करा. माझं म्हणणं, जवळच्या सरकारी दवाखान्यात होऊ दे. फक्त आधी जाऊन बघा, अंबू बॅग (मास्क लावून बाळाला हवा देणारी हातानं पिळायची पिशवी) आहे का आणि ती चालवणारी सिस्टर रात्रपाळीला असते का.

जन्मलेल्या दहा बाळांतल्या एखाद्याला श्वास सुरू करायला मदत लागते. त्यातली बरीच नुसतं कोरडं करून पाठ चोळली की रडतात. जे तरीही श्वास घेत नाही, त्याला पहिल्या मिनिटाच्या आत मास्कनं हवा द्यायला सुरुवात व्हावी लागते. छाती दाबणं, औषधं इथवर वेळ येते ती शंभरात एखाद्यावर. मिनिटभरात पोहोचणारा माणूस खोलीतच असावा लागतो, मग खोली गावात असो नाहीतर कोल्हापुरातल्या राजारामपुरीत.

शाहूपुरीकर:
काय बोलतासा राव! श्वास आला म्हणजे संपलं काय? झटके आले, साखर उतरली तर गावात कोण बघणार? पावसाळ्यात पंचगंगा फुगली की गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली. मग तुमची १०८ काय उडत येणार? आधीच आणून पाहुण्यांत ठेवा, विषय संपला.

म्हशीवाली_काकू:
पाहुण्यांत ठेवा म्हणणं सोपं आहे. महिनाभर सोबत कोण राहणार, घरी धारा कोण काढणार? आणि रस्ता पाण्याखाली जातो म्हणूनच गावातल्या सिस्टरला बॅग आली पाहिजे की. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, तर शाहूपुरी उपयोगाची नाही.

लेबर_रूमवाली:
मी याच कामात आहे, म्हणून जरा लांबण लावते.

बाई टेबलावर आली की बाळाला ऊब देणारा वॉर्मर लावायचा, दोन टॉवेल त्याखाली तापत ठेवायचे आणि मग बॅग हातात घ्यायची. तिचं तोंड तळहातावर घट्ट दाबून पिळायची. हाताला जोर लागला आणि व्हॉल्व्ह फुस्स करून उघडला, तर बॅग चांगली. नुसतीच मऊ दबली तर कुठंतरी गळतंय. मास्क दोन मापांचे पाहिजेत. डोळ्यांवर येणारा मास्क बाजूनं हवा सोडतो. हवा देताना नजर छातीवर. छाती उचलत नसेल तर मान सरळ करा, मास्क परत बसवा, तोंडात काही अडकलंय का बघा. मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच. ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत पळायची गरज नाही.

पाय धरून उलटं लोंबकळवणं, चापट मारणं, कानाशी थाळी वाजवणं, सगळा वेळ वाया. पूर्वी प्रत्येक बाळाचं नाक-तोंड नळीनं ओढायचे. आता तसं सरसकट करत नाहीत, त्यानं ठोके मंदावू शकतात. रडणाऱ्या बाळाची नाळही घाईनं कापत नाहीत, निदान मिनिटभर थांबतात.

बालरोग_निवासी:
सिस्टरांशी सहमत, पण मी शाहूपुरीकरांच्या बाजूचा. २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात हेच शिकवतात. अडचण पुढं आहे. ज्या केंद्रात महिन्याला चार-दोन बाळंतपणं, तिथं न रडणारं बाळ वर्षात एखाददुसरं येणार. तोवर हात विसरतो. बाहुलीवर नियमित सराव नसेल तर भिंतीवरचं सर्टिफिकेट काय कामाचं? शिवाय बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ मध्ये राखणं, साखर बघणं, श्वासावर लक्ष ठेवणं हे काही तास चालतं. त्यासाठी जिल्ह्याला नवजात अतिदक्षता कक्ष लागतोच.

शाहूपुरीकर:
घ्या! आणि मोठ्या शहरात जन्मताना श्वास कोंडलेल्या बाळाला गार करून मेंदू वाचवतात म्हणे, सहा तासांच्या आत. गगनबावड्यात करून दाखवा.

बालरोग_निवासी:
थांबा, ते माझ्या नावावर खपवू नका. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत त्याची मोठी चाचणी झाली, निकाल २०२१ साली आला. फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त होते. मोठं मशीन म्हणजे मोठा उपाय असं नसतं.

पन्हाळी_वारा:
म्हणजे फिरून पहिल्या मिनिटावरच आलो की! गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू कमी करून दाखवले, १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या बायका न रडणाऱ्या बाळाला मास्कनं श्वास द्यायच्या. तिथं कुठली काचेची पेटी होती?

बालरोग_निवासी:
त्यांच्यावर सतत देखरेख होती, फेरप्रशिक्षण होतं. तेवढं तुमच्या केंद्रात आहे का, एवढंच विचारतोय.

उत्तरेश्वर_पेठ:
शहराचं कौतुक चाललंय म्हणून एक सांगतो. आमच्या ओळखीत एका खासगी दवाखान्यात बाळाचे डॉक्टर ‘ऑन कॉल’ होते. ते येईस्तोवर वीसेक मिनिटं गेली. तिथल्या नर्सनं हवा दिली म्हणून निभावलं. तेव्हा हाच प्रश्न शहरातसुद्धा विचारा. नावाची पाटी बघून भुलू नका भावा.

लेबर_रूमवाली:
एक मात्र स्पष्ट सांगते. जुळं, पायाळू, वाढलेलं बीपी, दिवस भरायच्या बऱ्याच आधी सुरू झालेल्या कळा, यात गावात थांबायचं नाही. नाजूक बाळ जन्मल्यावर गाडीत घालून पळवण्यापेक्षा आईच्या पोटातूनच हलवलेलं कधीही बरं. बाकीच्यांनी ९ तारखेला जावा. दर महिन्याला त्या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. लेबर रूम दाखवा म्हणा, आणि बॅग पिळून दाखवायला सांगा.

शाहूपुरीकर:
जातो की. पण बॅग गळकी निघाली तर वहिनी त्याच दिवशी माझ्या गाडीत बसणार, आधीच सांगतो.