आमच्या ताईंचेच हात मातीत जात नाहीत, काय करू?

नंदनवनची बालवाडी
नागपुरात घराच्या खालच्या मजल्यावर बालवाडी चालवते. बेचाळीस पोरं, चार ताई. मागच्या महिन्यात चौघींना दोन दिवसांच्या कला-प्रशिक्षणाला पाठवलं, पैसे भरून. परत आल्या त्या एकेक फाइल घेऊन: कापसाचा ससा, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, पानांचा मोर. चौघींचे ससे अगदी सारखे! सोमवारी वर्गात सशाच्या झेरॉक्स वाटल्या, पोरांनी कापूस चिकटवला, कान वाकडे झाले तर तेही ताईंनीच सरळ केले. पालक खूश, व्हॉट्सॲपवर फोटो.

एक ताई तर म्हणाली, "मॅडम, मलाच चित्र येत नाही, मी काय शिकवू?" आता चार शनिवार दुपारी दोन-दोन तास मीच घेणार आहे. सुरुवात कुठून करू? बजेट नसल्यातच जमा.

निवृत्त बाई, महाल
ससा सोडा. पहिल्या शनिवारी चित्रच नको. महालात चितार ओळीत मूर्तिकारांकडून माती आणा, पण गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला वेळ नसते. आणली की ओल्या गोणपाटात बांधून ठेवा, नाहीतर आपल्या कोरड्या उन्हात पाहता पाहता भेगा पडतात.

एकेकीसमोर गोळा ठेवायचा आणि अर्धा तास तुम्ही गप्प बसायचं. "काय बनवू?" असं विचारतीलच. उत्तर देऊ नका. दाबू द्या, वळू द्या, मोडू द्या. आणि जुनी साडी नेसून यायला सांगा, अर्धं घोडं तिथंच अडलेलं असतं.

दुसऱ्या शनिवारी तान्ह्या पोळ्याचा (पोरांच्या पोळ्याचा) लाकडी बैल समोर ठेवून तो डाव्या हाताने काढायला लावा (कोणी डावखुरी असेल तर उजव्या). तीन वर्षांच्या पोराला खडू धरताना काय कसरत पडते, ते भाषणाने नाही कळत. आमच्या एक ताई रडकुंडीला आल्या होत्या, त्यानंतर त्यांनी पोराच्या हाताला हात लावून गिरवणं बंद केलं.

आणि बजेटचं म्हणाल तर बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक अन् अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा काय होतं? आजूबाजूला सापडेल तेच साहित्य.

अंगणवाडीवाली
बाई बरोबर बोलून राहिल्या, पण रंग विसरल्या. हळद कालवून कागदावर फासायची, वरून बोटाने खायच्या सोड्याचं पाणी सोडायचं. लाल डाग उमटतो. आमच्या सेविका पोरांपेक्षा जास्त ओरडल्या होत्या. फाल्गुनात पळसाची फुलं उकळा. गांधीबागेत कापडवाल्यांकडे कतरणी, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, मिळतात.

एक गोष्ट मात्र बजावून सांगा. साडेतीन-चार वर्षांचं पोरगं माणूस काढते तेव्हा डोक्यालाच पाय फुटलेले असतात. "पोट कुठाय?" विचारायचं नाही. ते त्या वयाचं बरोबरच चित्र आहे. "सांग ना याच्याबद्दल" म्हणायचं, अन् पोरगं बोलेल ते कागदामागे लिहून ठेवायचं. पालकांना तेच दाखवा, सशाची आठवण नाही येणार.

नंदनवनची बालवाडी
काल पहिला शनिवार झाला. गप्प बसणं मलाच जड गेलं, दोनदा तोंड उघडलं. एक ताई सारखी हात धुऊन येत होती, शेवटपर्यंत. दुसरीने गोळ्याच्या चक्क पोळ्याच लाटल्या. पण "चित्र येत नाही" वालीने चूल केली, आत काड्या खोचल्या, वर बोराएवढा तवा. तिच्या आजीची चूल म्हणे, काटोलकडच्या गावातली. निघताना विचारत होती, घरी नेऊ का?

बाई, डावखुरी एक निघाली.