सल्ला हवा: घरकामाचं जाळं आणि संख्याशास्त्र

तळावपाळी
नमस्कार मंडळी. एम.ए. समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी ठाण्यात लोकमान्य नगर भागातल्या घरकाम करणाऱ्या बायकांशी बोलतेय. बहुतेकींना घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं काम कुणीतरी लावून दिलेलं असतं: जाऊ, शेजारीण, नाहीतर बसथांब्यावर रोज दिसणारी एखादी. हे जाळं मांडून, एकाच गावच्या बायका एकमेकींना जास्त कामं लावून देतात का, हे तपासायचंय. काय-स्क्वेअर ही संख्याशास्त्राची चाचणी चालेल का? गणित बारावीपर्यंतचंच आहे.

नेरूळकर
नाही चालणार. त्या चाचणीत प्रत्येक नोंद स्वतंत्र धरलेली असते. तुमच्याकडे एकच बाई अनेक जोड्यांमध्ये येणार, म्हणजे त्या नोंदी एकमेकींत गुंतलेल्या. अशाने पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता, फसवी निघते.

तुमच्या प्रश्नाला क्यूएपी नेमकी बसते, म्हणजे जाळ्यांचे तक्ते पिसून तुलना करायची पद्धत. दोन चौकोनी तक्ते करा, दोन्हींत बायकांचा क्रम एकच. पहिल्यात काम लावून दिलं तिथे १, नाही तिथे ०. दुसऱ्यात गाव एक असेल तिथे १. दोन्हींचा सहसंबंध काढा. मग एका तक्त्याच्या ओळी आणि रकाने एकाच क्रमाने पिसून पुन्हा काढा, असं हजार वेळा. मूळ आकडा त्या हजारांत अगदी टोकाला पडला तरच गावाचा संबंध आहे म्हणा. ओळी-रकाने एकत्र पिसल्याने जाळ्याची ठेवण तशीच राहते, फक्त कोण कुठे बसलंय ते बदलतं. सगळी खुबी त्यात आहे. आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातलं जाळ्यांसाठीचं 'एसएनए' पॅकेज घ्या. तुमचं गणित पुरेल.

कळवा_पूर्व
त्याआधी प्रश्नावली नीट करा. 'तीन नावं सांगा' असं विचारलंत तर जिने दहाजणींना कामं लावली तीही तिघींचीच दिसेल. मर्यादा घालू नका. 'तुम्हाला कुणी लावून दिलं' आणि 'तुम्ही कुणाला दिलं' दोन्ही विचारा. आणि हद्द आधीच ठरवा: कुणी मुंब्र्याच्या नणंदेचं नाव घेतलं तर ती जाळ्यात धरायची की नाही?

तळावपाळी
खूप आभार दोघांचे! समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांचं 'दूरच्या ओळखीतून नोकरी मिळते' हे गृहीतक म्हणून घेऊ का?

नेरूळकर
घ्या, पण उलट निघायची तयारी ठेवा. त्यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला अधूनमधून भेटणारे होते, वारंवार भेटणारे १६.७ टक्केच. पण ते बॉस्टनजवळच्या न्यूटनमधले व्यावसायिक, तंत्रज्ञ, व्यवस्थापक. घरकामात बाई दुसरीची हमी घेते. उद्या चोरीचा आळ आला तर हिचंही काम जातं. तिथे जवळचं नातं भारी पडू शकतं. भेटी किती वेळा होतात तेही विचाराच.

कळवा_पूर्व
आणखी एक. एकाच गावच्या बायका बऱ्याचदा एकाच गल्लीत राहतात. मग काम गावामुळे मिळालं की शेजारामुळे? गल्लीचा तिसरा तक्ता करा आणि क्यूएपीचंच रिग्रेशन लावा, म्हणजे गाव आणि गल्ली दोन्हींचा परिणाम एकत्र धरून वेगवेगळा कळेल. ईआरजीएम हे जाळ्यांचं अवघड मॉडेल नंतर शिका, 'मैत्रिणीची मैत्रीणही जोडली जाते' असले त्रिकोण तपासायचे असतील तेव्हा.

नावांऐवजी क्रमांक टाका, आणि जाळ्याचं चित्र अहवालात छापण्याआधी दहादा विचार करा. सगळ्यात जास्त रेघा जिच्याकडे जातात ती कोण, हे वस्तीतलं पोरसुद्धा ओळखेल. तिच्या मालकिणीही.

तळावपाळी
हे डोक्यातच आलं नव्हतं. चित्र वगळते, तक्तेच देते. गाव नोंदवताना तालुका पुरेल का?

नेरूळकर
गावच लिहा. तालुका त्यावरून नंतर काढता येईल.