तिसरी ते पाचवीच्या मुलांना व्हॉलीबॉल खेळत-खेळत कसा शिकवावा?

कडुलिंब: संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आठ ते अकरा वर्षांची पंधराएक पोरं जमतात. बॉल आणि नेट मोठ्यांचंच. अंडरआर्म (जोडलेल्या हातांच्या मनगटावरून बॉल उडवणं) करून हात लालभडक झाले की पोरं कडेला बसून माती उकरतात. कमी खर्चाचे काही खेळ सुचवा.

जुना लिफ्टर: आधी तो बॉल कपाटात ठेवा. २६०-२८० ग्रॅमचा बॉल या हातांना लागणारच. हलका रबरी बॉल आणा. अगदी नवख्यांना फुगा द्या. फुगा सावकाश येतो, त्यामुळे त्याच्याखाली जाऊन उभं राहायला वेळ मिळतो, आणि या खेळात निम्मं काम पायांचंच. नेट पुरुषांचं, म्हणजे २.४३ मीटर असेल, तर तेही नको. दोन झाडांना दोरी बांधा, हात वर केला की बोटं टेकतील एवढ्या उंचीवर.

सुरुवातीला बॉल चक्क झेलू द्या. अट एकच: कपाळासमोर दोन्ही हातांनी झेलायचा आणि तिथूनच ढकलायचा. झेलून धरण्याचा वेळ कमी करत गेलात की त्याचाच फिंगर पास, म्हणजे बोटांनी दिलेला पास, होतो.

सकाळची शिट्टी: झेलायची सवय मग सुटत नाही हो! मॅचमध्येही पकडतात.

जुना लिफ्टर: म्हणून पुढच्या टप्प्यात, बॉल पलीकडे पाठवायला संघाला जे तीन टच मिळतात, त्यांपैकी फक्त मधला झेलायचा. नेदरलँड्समध्ये लहानांचा व्हॉलीबॉल असाच पायरीपायरीने शिकवतात. बॉल पलीकडे गेला की सगळ्यांनी एक जागा फिरायचं, म्हणजे कुणी खांबासारखं उभं राहत नाही.

ओसरीवरची ताई: आमच्याकडच्या मुलींना टॉवेलचा खेळ भारी आवडतो. दोघींनी टॉवेलची टोकं धरायची, उडालेला बॉल त्यात झेलायचा आणि झटका देऊन दोरीपलीकडे उडवायचा. "माझा, माझा" ओरडायची सवय त्यातच लागते. सर्व्हिससाठी पलीकडे जुना टायर टाका. दोरीपासून तीन पावलांवरून हात खालून फिरवून मारायची, टायरात पडली की एक पाऊल मागे. आणि हात लाल होतात ना, जुन्या लांब मोज्यांचे पंजे कापून कोपरापर्यंत चढवा.

कडुलिंब: मोज्यांचं आजच करतो. पंधरा जणांना बॉल किती लागतील?

जुना लिफ्टर: चार तरी घ्या, नाहीतर पुन्हा रांग लागेल. मोठ्या पोरांकडून वर्गणी काढा, मैदान तेही वापरतातच की.