क्रीडा संचालकाला प्राध्यापकाचा पगार कशाला?

लेखापाल: आमच्या संस्थेत शारीरिक शिक्षण संचालकाला सहायक प्राध्यापकाचीच वेतनश्रेणी आहे. तास नाहीत, पेपर तपासणं नाही. ऑगस्टमध्ये झेंडावंदन, डिसेंबरात क्रीडा सप्ताह, बाकी वर्षभर जिमखान्याला कुलूप. हे पद कंत्राटी केलं तर काय बिघडलं?

खोखोवाली: हे वाचून राहवेना, म्हणून लिहिते. आमचे सर पहाटे पावणेसहाला मैदानावर फक्कीची पाटी घेऊन वाकलेले असायचे. शिपाई आला नाही तर खांबही स्वतः रोवायचे. प्रवासभत्ता मंजूर होईपर्यंत स्पर्धा संपून जायच्या, तेव्हा एसटीचं तिकीट त्यांच्या खिशातून. माझे वडील म्हणाले, मुलगी परगावी मुक्कामाला जाणार नाही. त्याच संध्याकाळी सर काकूंना घेऊन आमच्या घरी आले. त्या स्पर्धेला काकू आमच्यासोबत शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपल्या. हे तास कुठल्या वेळापत्रकात धरता?
आणि हे पद फुकट मिळत नाही. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट परीक्षा किंवा पीएचडी, वर तिशीच्या आतल्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर. मराठीच्या प्राध्यापकाला कुणी पळवतं का?

लेखापाल: ताई, तुम्हाला चांगले सर मिळाले. पळायचं मात्र नोकरी लागताना, एकदाच.

कोल्हापूरचा: कॉलेजच्या खेळात नेतृत्व प्राचार्यांचं असतं. कुस्तीगीर खाशाबा जाधवांची अंगकाठी बघून राजाराम कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत घ्यायलाच नकार दिला होता. ते प्राचार्यांकडे गेले, तेव्हा उतरता आलं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. कांस्यपदक आलं ते त्यानंतर.

खोखोवाली: दादा, एका शिक्षकाची नजर चुकली म्हणून सगळ्यांना धरू नका. आणि आज घर गहाण टाकणारे प्राचार्य दाखवा. आज मैदानच भाड्याने जातं.

निवृत्त संचालक: मैदानाचा विषय निघाला म्हणून बोलतो. २९ वर्षं या पदावर होतो. संस्थेने मैदान लग्नांना द्यायला सुरुवात केली. सोमवारी सकाळी सरावाला गेलो की मांडवाच्या बल्ल्यांचे खड्डे, पत्रावळ्या, सांडलेलं वरण. आम्ही आधी झाडू मारायचो, मग कबड्डी. एकदा एका पोराच्या टाचेत मांडवाचा खिळा शिरला. मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं, संस्थेला उत्पन्न लागतं.

दुचाकीवाला: आमच्याकडे तर अर्ध्या मैदानात पार्किंग. लांब उडीच्या खड्ड्यात प्राध्यापकांच्या गाड्या.

लेखापाल: भाडं कुठे जातं तेही ऐका. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना त्यातूनच पैसे देतो आम्ही. त्यांची बिलं महिनोन् महिने अडकतात. हिशेब मी लिहितो, तुम्ही नाही.

खोखोवाली: तो खिळा तुमच्या मुलाच्या पायात गेला असता तर हाच हिशेब सांगितला असता?

लेखापाल: माझ्या मुलापर्यंत जायचं काम नाही.

खोखोवाली: मग दुसऱ्यांच्या मुलांच्या मैदानापर्यंत तुम्ही का जाता?

कोल्हापूरचा: दोघंही जरा थांबा. ताई, एवढं मानतो, प्राचार्यांकडे जायच्या आधी पोरगा ज्याच्यासमोर उभा राहतो तो क्रीडाशिक्षकच असतो. म्हणूनच तिथे जाणता माणूस हवा.

लेखापाल: 'कंत्राटी' हा शब्द मागे घेतो. पण जिमखान्याचं कुलूप मी रोज बघतो, ते मागे घेणार नाही. सर, तुम्हीच सांगा, किल्ली कुणाकडे असते?

निवृत्त संचालक: संचालकाकडे. आणि कुलूप राहत असेल तर तुमचा राग बरोबर आहे. माझ्या ओळखीतले दोघं-तिघं अकरा वाजता येऊन सही करून जायचे. मी त्यांना कधी टोकलं नाही, ही माझीही चूक.

खोखोवाली: सर, तो खिळा लागलेला मुलगा पुढे खेळला?

निवृत्त संचालक: नाही. चढाईला तोच जायचा. पाय सुजला, महिनाभर टेकवता येईना. पुढच्या मोसमात निवड चाचणीला आलाच नाही. मी त्याच्या गावी जाऊन आलो, तो उसाच्या टोळीबरोबर गेला होता.