क्लीटचे बूट निवडताना आधी काय पाहावे : पेडल की पाखाडी?

सागरवाट (धागाकर्ता) :

माउंटन बाइकसाठी क्लीटचे, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारा धातूचा तुकडा असलेले, बूट घेताना ते घालून चालता येईल का, हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत शेवटी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत आधी विचारायला हवा. गेल्या जानेवारीत अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या प्रवासानंतर माझे हे मत पक्के झाले. पायांत क्रॉस-कंट्री शर्यतीच्या घाटणीचे, कडक नायलॉनच्या तळाचे बूट होते आणि सायकलवर असेपर्यंत त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. पण त्या वाटेवर सायकलवरून उतरण्याचे प्रसंग सारखे येतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार ठिकाणी खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते, देवळापर्यंत जाणारी वाट म्हणजे बहुधा पाखाडी, जांभ्याच्या चिऱ्यांची पायऱ्यांची वाट, असते, आणि मुक्कामाच्या घरापाशी शेवटचा उतार सायकल हातात धरूनच उतरावा लागतो.

धोपाव्याला आम्ही उतरलो तेव्हा ओहोटी होती आणि जेट्टीच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा, शेवाळलेला भाग उघडा पडला होता. त्यावर दुसरेच पाऊल टाकताना उजव्या बुटाची पोलादी क्लीट बर्फावर सरकावी तशी सरकली आणि मी सायकलीसकट गुडघ्यावर आलो. मागून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या मावशींनी हँडल धरले म्हणून सायकल पाण्यात गेली नाही. “बुटाला नाल ठोकलेत की काय?” एवढेच त्या म्हणाल्या, आणि या बुटांचे इतके नेमके वर्णन मी अजून दुसरीकडे कुठे ऐकलेले नाही. पुढे हेदवीला बामणघळ पाहायला खडकांवरून जाताना मी बूट हातात घेऊन अनवाणी गेलो.

तेव्हा माझा आग्रह असा की बूट घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. तळ चवड्याच्या पुढे वाकला पाहिजे, क्लीट तळाच्या खाचेत पुरती बुडाली पाहिजे आणि टाचेखाली खरे, मऊ रबर असले पाहिजे. पेडलवर थोडी ताकद वाया गेली तरी चालेल.

घाटमाथा :

आपल्या गुडघ्याबद्दल वाईट वाटले, परंतु निष्कर्ष मान्य नाही. आपण सात दिवस रोज सहा तास सायकल चालवली असे धरले तर बेचाळीस तास होतात, आणि जेट्ट्या, पाखाड्या, चहाच्या टपऱ्या असे सगळे मिळून चालणे चार-पाच तासांपलीकडे जात नसावे. पाचासाठी बेचाळीसांवर पाणी सोडायचे हा हिशेब मला उलटा वाटतो.

आपण ज्याला ‘थोडी ताकद वाया जाणे’ म्हणता त्याबद्दल माझाही वाद नाही. प्रश्न वेदनेचा आहे. दोन वर्षांपूर्वी ‘चालायला उत्तम’ म्हणून मी मऊ तळाचे बूट घेतले होते. वरंधा घाट चढताना दुसऱ्या तासापासून चवड्याखाली, अगदी क्लीटच्या जागी, निखारा ठेवल्यासारखे होऊ लागले आणि माथ्यावर पोहोचेपर्यंत दोन बोटे बधिर झाली. तळ मऊ असला की पेडलचा सारा दाब रुपयाएवढ्या जागेवर येतो, कडक तळ तोच दाब पावलाभर पसरवतो. बूट पावलासाठी असतात, पाखाडीसाठी नव्हे. चालायचे असेल तर पिशवीत हलक्या फ्लोटर्स ठेवाव्यात. मी ठेवतो, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर त्यांच्याइतके सुख दुसरे नाही.

सपाटपेडल :

मला या वादातला मूळ प्रश्नच अनावश्यक वाटतो. ज्या प्रवासात दर तासाला उतरायचे आहे तिथे पाय पेडलला अडकवायचेच कशाला? लोखंडी खिळ्यांची रुंद सपाट पेडले आणि चिकट रबराचे बूट घेतले की क्लीट, तिची खाच, तिचे बोल्ट हे सगळे प्रकरणच संपते. फाइव्ह टेन कंपनीच्या बुटांचे रबर मुळात कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांसाठी तयार झाले होते. ज्या तळावर माणूस उभ्या कड्यावर टिकतो तो शेवाळलेल्या जेट्टीवर निदान क्लीटपेक्षा तरी बरा टिकेल. नसलेली क्लीट घसरत नाही.

घाटमाथा :

नसलेली क्लीट घसरत नाही हे खरे, पण असलेले खिळे नडगी सोलतात. ज्याला पुरावा हवा असेल त्याने माझ्या धाकट्या भावाचे पाय पाहावेत.

सागरवाट :

दोघांनाही उत्तर देतो.

घाटमाथा, आपला तासांचा हिशेब बिनचूक आहे, पण जोखीम तासांनी मोजता येत नाही. सायकलवर बूट नडला तर पाय दुखतो आणि मी थांबून चवडा चोळू शकतो. जेट्टीवर बूट नडला तर मी पडतो. फ्लोटर्सचा उपाय मुक्कामापुरता उत्तम आहे. परंतु बोटीची फळी खाली येते, पुढे दुचाक्या सुरू होतात, मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, तेव्हा उतारावर बसून बूट सैल करायची चकती फिरवत पादत्राणे बदलणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. आणि असे दिवसातून दोनदा करायचे म्हटले तर ओले बूट सायकलला टांगून न्यायचे ते वेगळेच.

सपाटपेडल, आपला मार्ग वाईट नाही, पण गुहागरच्या पुढे रस्ता दर दोन-चार किलोमीटरला खाडीच्या पातळीवर उतरतो आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो. फुटलेल्या डांबरावरून वेगाने उतरताना पाय पेडलवरून उडत नाही, एवढ्या एका कारणासाठी मला क्लीट हवी आहे. शिवाय अडकवून चालवणे आणि उतरून चालणे यांत वैर असलेच पाहिजे असे कुठे आहे? लूक कंपनीने १९८४ साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी जी पेडले आणली त्यांची क्लीट तळाबाहेर आलेली होती आणि ती घालून बदकासारखे चालावे लागे. शिमानो कंपनीने १९९० साली एसपीडी ही पेडलपद्धत आणली ती दोन बोल्टांची लहान क्लीट तळाच्या खाचेत बुडवून, ती याच हेतूने की माउंटन बाइकवाल्याला उतरून चालावे लागते. म्हणजे ही मागणी माझी एकट्याची नव्हे, या बुटाच्या जन्मातच ती आहे. (ज्या पेडलला पाय अडकतो त्यालाच ‘क्लिपलेस’ का म्हणतात, असे मला दर नवा माणूस विचारतो. जुना, पट्ट्याने आवळायचा टो-क्लिपचा पिंजरा त्यात गेला म्हणून ते नाव पडले, पण समजावून सांगितल्यावरही कोणाचे समाधान होत नाही.)

पानापकड :

मी बरीच वर्षे लोकांच्या बुटांना क्लीट लावून देतो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची थोडी चूक दाखवण्याचे धाडस करतो. आपण सगळे बुटाबद्दल बोलत आहात आणि पेडल कोणते हे एकानेही सांगितलेले नाही. घाटमाथा यांचा चवडा पेटला तेव्हा त्यांच्या सायकलला, मी पैजेवर सांगतो, शर्यतीचे बारके पेडल असणार, ज्यात यंत्रणेभोवती टेकायला काठच नसतो. असे पेडल मऊ तळाला बोटाने टोचावे तसे टोचते. त्याच बुटाखाली भोवती रुंद चौकट असलेले ट्रेलचे, म्हणजे खडबडीत पायवाटांसाठीचे, पेडल ठेवा. मग तळाच्या दोन्ही कडा चौकटीवर टेकतात आणि बुटात जो कडकपणा नाही तो पेडल पुरवते. मऊ बूट आणि बारीक पेडल ही जोडी मात्र जमत नाही, आणि दुकानात ती सर्रास एकत्र विकली जाते.

आता सागरवाट यांच्या तीन कसोट्या. पहिली मान्य, पण अर्धी. तळ किती वाकतो यापेक्षा कुठून वाकतो हे महत्त्वाचे आहे. क्लीटच्या मागे, कमानीपाशी वाकणारा बूट पेडलवरही वाईट आणि चालायलाही वाईट. तो बोटांच्या मुळापाशी वाकायला हवा. हल्लीच्या ट्रेलच्या बुटांत क्लीटच्या लांब खाचा बऱ्याच मागेपर्यंत नेलेल्या असतात, आणि क्लीट थोडी मागे सरकवली की पुढचा भाग चालताना मोकळा राहतो. शिमानो आपल्या बुटांच्या कडकपणाला आकडा देते आणि तो बारापर्यंत जातो. ज्याला पाखाड्या उतरायच्या आहेत त्याने खालच्या निम्म्यातच शोधावे.

दुसरी कसोटी दुकानात करताच येत नाही हे कोणी सांगत नाही. तिथे बुटाला क्लीट नसते, खाचेवर झाकण असते, आणि त्या अवस्थेत जगातला प्रत्येक बूट चालायला सुखाचा वाटतो. म्हणून स्वतःची जुनी क्लीट आणि चार मिलिमीटरची ॲलन की खिशात घेऊन जावे, विक्रेत्याच्या परवानगीने ती लावावी, बूट गुळगुळीत फरशीवर ठेवून आत हाताने दाब द्यावा आणि क्लीटखालून कागद सरकवून पाहावा. कागद अडकला की चालताना फरशीवर टकटक वाजणारच, आणि ओल्या लादीवर ती टकटक म्हणजे पूर्वसूचना असते.

तिसरी कसोटी मात्र दुधारी आहे. मऊ रबर ओल्या खडकावर धरते, पण झिजतेही लवकर. वर्षभर जांभ्यावर चाललात की तळाच्या गाठी दोन मिलिमीटरने उतरतात आणि नव्या बुटात नीट बुडालेली तीच क्लीट आता जमिनीला टेकू लागते. कडक प्लास्टिकच्या गाठींचा बूट पहिल्या दिवसापासून ओल्यावर घसरतो, पण पाचव्या वर्षीही तेवढाच घसरतो. मऊ रबर घेणाऱ्याने खाच मुळातच जास्त खोल असलेला बूट घ्यावा. क्रँकब्रदर्स कंपनीच्या पितळी क्लीट वापरणाऱ्यांनी तर याकडे दुप्पट लक्ष द्यावे, कारण पोलादापुढे पितळ मऊ. दगडावर आधी तेच घासते, आणि मग पाय पेडलमधून मनाविरुद्ध सुटू लागतो.

एक फुकटचा सल्ला : क्लीटच्या बोल्टांच्या डोक्यात मेणबत्तीचे मेण भरून ठेवावे. चालताना त्या खळग्यात बारीक खडी घट्ट बसते, आणि मग क्लीट बदलायच्या वेळी ॲलन की आत जात नाही.

घाटमाथा :

पानापकड पैज जिंकले. माझी पेडले बारीकच आहेत आणि चौकटीचा विचार मी केला नव्हता. तेव्हा ‘मऊ तळ म्हणजे वेदना’ हे विधान मी अर्धे मागे घेतो. अर्धेच, कारण रुंद चौकटीच्या पेडलचे वजन मलाच घाटात वर न्यायचे आहे, आणि ज्याच्या वाटेवर जेट्टी नाही, केवळ चढ आहे, त्याने ते का न्यावे याचे उत्तर अजून मिळालेले नाही. माझ्या रविवारच्या फेरीत मी एकूण चाळीस पावले चालतो, त्यांतली तीस चहाच्या टपरीपर्यंतची.

बावन्न किलो :

कडक आणि मऊ हे शब्द इथे सगळे जण असे वापरत आहेत, जणू ते बुटाचेच गुण आहेत. माझे वजन माझ्या नावात आहे. माझ्या नवऱ्याचे पंचाऐंशी किलो आहे. दोघांनी एकाच जातीचे, मधल्या कडकपणाचे बूट घेतले. त्यांना ते कापडी बुटांसारखे वाटतात आणि मी पाखाडी चढताना तळ वाकतच नाही, प्रत्येक पायरीला टाच बुटातून वर निघते. घाटमाथा यांना जे मऊ वाटून दुखले ते माझ्यासाठी कदाचित नेमके असेल. हलक्या माणसाने सुचवलेल्यापेक्षा एक पायरी मऊ घ्यावे आणि तसे मागण्यात कमीपणा मानू नये.

आणखी एक गोष्ट, जी चालताना पेडलपेक्षा अधिक छळते, ती म्हणजे लांबी. सायकलवर अंगाबरोबर बसणारा बूट उतारावर पायी निघालात की अंगठ्याला ठोकतो. वेळणेश्वरच्या उतारावर माझे एक नख काळे झाले, आणि तो बूट विकणाऱ्याने मला ‘सायकलचे बूट घट्टच घ्यायचे असतात’ असे ठासून सांगितले होते. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, नेहमीच्या मोज्यांसकट घालून पाहावेत, आणि दुकानात जिना असेल तर तो उतरून पाहावा. चवडा रुंद असेल तर लांबी वाढवण्याऐवजी रुंद साचा मागावा. काही कंपन्या तो देतात. माझ्या मापाचे बूट दुकानात बहुधा नसतातच, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलू लागले तर धागा भरकटेल.

सपाटपेडल :

मग एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला एसपीडी असलेले पेडल घेऊन सगळ्यांनी समेट का करू नये? गावातून साध्या चपलेवरही सायकल चालवता येईल.

पानापकड :

शहरात आणि लांबच्या सपाट रस्त्यावर जरूर घ्यावे. पण खडकाळ चढावर एकदा पाय टेकल्यावर पुन्हा निघताना नेमकी नको ती बाजू वर येते, आणि ती शोधेपर्यंत सायकल थांबलेली असते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना यंत्रणा असलेले चौकटीचे पेडल घ्यावे, आणि सुटण्याची भीती असेल तर शिमानोची एसएच-५६ क्लीट लावावी, जी टाच बाहेर वळवण्याखेरीज इतर दिशांनीही सुटते. उभे राहून जोर लावणाऱ्याचा पाय तिच्यातून कधीतरी अवेळी सुटेल, एवढी तिची किंमत आहे.

सागरवाट :

माझा आग्रह मी थोडा दुरुस्त करतो. चालणे आधी पाहावे हे मत कायम आहे, पण नुसता मऊ बूट घेऊन मी माझ्या सध्याच्या पेडलवर बसलो असतो तर घाटमाथा यांचा वरंधा घाट माझ्याही वाट्याला आला असता. तेव्हा खर्च दुप्पट झाला : चौकटीची पेडले, आणि आकड्याने खालच्या निम्म्यातले, खोल खाचेचे बूट. पावसाळ्यापूर्वी दोन्ही घेईन आणि धोपाव्याला ओहोटीच्याच वेळी पुन्हा उतरून पाहीन.

जुने कडक बूट विकायचे नाहीत, कोणाला उपयोगी पडत असतील तर तसेच द्यायचे आहेत. माप बेचाळीस आहे. घाटमाथा यांचा पाय त्यात बसत असेल तर त्यांनी कळवावे, मात्र उजव्या क्लीटचा एक बोल्ट निघत नाही. त्याच्या डोक्यात धोपाव्याची खडी बसली आहे आणि मेणाचा सल्ला मला आज मिळाला.